सिमेंटचा काँक्रीट सायलो: पहिल्या रिंगेपासून भिंतीच्या दुरुस्तीपर्यंत

सायलो, म्हणजे सुटा माल साठवायची उंच गोल कोठी, बाहेरून पाहिला की काँक्रीट दिसतं, पण माल धरून ठेवतात त्या भिंतीतल्या आडव्या पोलादी रिंगा. काँक्रीट त्या रिंगांना जागेवर ठेवतं, गंजापासून वाचवतं आणि उभा भार पायापर्यंत नेतं. आतला माल भिंतीला चहूबाजूंनी बाहेर रेटतो आणि तो रेटा रिंगांमध्ये ताण म्हणून उतरतो. त्यामुळे बांधताना एकही रिंग चुकू न देणं आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं माल एका अंगाने न काढणं, या दोन गोष्टींवर सायलोचं आयुष्य ठरतं. बाकी कामं महत्त्वाची आहेतच, पण या दोन चुकल्या तर बाकीच्यांनी ती चूक भरून निघत नाही.

हिशेब हातात राहावा म्हणून इथे एकच सायलो डोळ्यांसमोर ठेवू: आतला व्यास १४ मीटर, भिंत ३०० मिमी, भिंतीची उंची ३६ मीटर, मालाची खोली ३० मीटर. घनमीटरला १.३ टन धरले तर त्यात साधारण ६,००० टन सिमेंट बसतं. चंद्रपूर जिल्ह्यातले सिमेंट कारखाने, औष्णिक वीज केंद्रांची फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) साठवण, किनाऱ्यावरची बल्क टर्मिनल्स (सुटा माल चढवण्या-उतरवण्याच्या जागा), सगळीकडे याच जातीचे सायलो असतात.

दाबाचा हिशेब

पाण्याच्या टाकीत खोली दुप्पट झाली की दाब दुप्पट होतो. सायलोत तसं होत नाही, कारण माल भिंतीला घासतो आणि वजनाचा मोठा वाटा घर्षणातून भिंतीवर चढतो. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ साली हे सूत्रात मांडलं आणि आजची सगळी मानकं त्याच पायावर उभी आहेत.

आपल्या सायलोत दाबासाठी घनता सुरक्षित बाजूने जास्त, म्हणजे १६ किलोन्यूटन प्रति घनमीटर, भिंतीचा घर्षणांक ०.५ आणि आडव्या-उभ्या दाबाचं गुणोत्तर ०.५ धरू. क्षेत्रफळाला परिघाने भागलं की व्यासाचा चौथा भाग येतो, म्हणजे ३.५ मीटर. यावरून आडव्या दाबाची कमाल मर्यादा ११२ किलोपास्कल निघते. १४ मीटर खोलीवर दाब ७१, २८ मीटरवर ९७ आणि तळाशी, ३० मीटरवर, ९९. शेवटच्या दोन मीटरांत वाढ जवळजवळ थांबलेली दिसते.

९९ ला ७ मीटर त्रिज्येने गुणा: भिंतीच्या दर मीटर उंचीत ६९३ किलोन्यूटन ताण. माल सुटताना दाब वाढतो. त्यासाठी सडपातळ सायलोला युरोपीय मानकातला १.१५ चा गुणक लावला की जवळपास ८०० होतात. भेगा बारीक राहाव्यात म्हणून पोलादातला ताण २०० मेगापास्कलच्या आसपास ठेवायचा तर मीटरला ४,००० चौ. मिमी पोलाद लागतं, म्हणजे भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अंगाला असलेल्या पोलादाच्या दोन्ही जाळ्यांत २० मिमीची रिंग १५० मिमी अंतरावर. हा झाला फक्त सरळ दाबाचा हिशेब. तापमान, एकाच जागी येणारा जादा दाब, वारा आणि भूकंप यांचं पोलाद याशिवाय वेगळं.

तापमान हलक्यात घेतलं जातं. गिरणीतून सिमेंट ७०-८० अंशांवर येतं आणि थंडीच्या रात्री विदर्भात बाहेरची हवा १० अंशांवर असते. आतून फुगू पाहणारी आणि बाहेरून आकसणारी भिंत बाहेरच्या अंगाला फाटते. म्हणून तापमानाचं जादा पोलाद थंड बाजूला, म्हणजे बाहेरच्या जाळीत घालायचं. दोन्ही जाळ्यांत निम्मं निम्मं वाटलं तर अर्धं वाया जातं.

आपलं आयएस (भारतीय मानक) ४९९५ हे १९७४ चं आहे, दोन भागांत. मूळ दाबासाठी ते चालतं. पण माल एका बाजूने सुटण्याचा विचार युरोपीय ईएन १९९१-४ मध्ये जास्त तपशिलात आहे, त्यामुळे आरेखन दोन्हींवर तपासून घ्यावं असं आमचं ठाम मत आहे. आणखी एक सावधगिरी: हवा सोडून माल ढवळणाऱ्या मिश्रण-सायलोला यान्सेन लागूच होत नाही. हवेने सैल झालेली पूड द्रवासारखी वागते. आयएस ४९९५ तिथे दाब म्हणून घनता गुणिले खोली गुणिले ०.६ धरायला सांगतं. आपल्या मापात तो २८८ किलोपास्कल, म्हणजे साठवणीच्या तिप्पट होतो. साध्या साठवण सायलोचं नंतर मिश्रण-सायलोत रूपांतर करायची कल्पना पुढे आली की हा आकडा समोर ठेवावा.

स्लिपफॉर्म: सात-आठ दिवस अखंड

उंच गोल भिंतीसाठी स्लिपफॉर्म, म्हणजे न थांबता काँक्रीट ओतत साचा वर सरकवत नेणं, हीच पद्धत. अमेरिकेत मिनेसोटातला पीव्ही-हॅग्लिन हा प्रायोगिक धान्य सायलो १८९९ साली बांधायला घेतला, साचा वर सरकवत नेऊन, आणि तो आजही उभा आहे. तत्त्व तेच राहिलं. बदलली ती जॅकची एकसाथ चाल, लेझरचं मोजमाप आणि काँक्रीटमधली रसायनं.

साचा फक्त १ ते १.२ मीटर उंच असतो. आतला आणि बाहेरचा पत्रा योकने, म्हणजे भिंतीवरून आडव्या गेलेल्या पोलादी चौकटीने, एकमेकांना धरलेला असतो. योकवर हायड्रॉलिक जॅक बसतो आणि जॅक भिंतीत उभ्या केलेल्या सळईवर साधारण २५ मिमीच्या टप्प्यांनी चढतो. आपल्या सायलोचा मध्यपरीघ ४५ मीटर आहे. १.६ मीटरवर एक धरले तर २८ योक. वरच्या डेकवरून उभे बार लावतात, मधल्या डेकवर काँक्रीट आणि रिंगा, खालच्या लटकत्या डेकवर फिनिशिंग आणि क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं).

तासाला २०० मिमी वेग धरला तर २.७ घनमीटर काँक्रीट, १३-१४ रिंगांचे तुकडे आणि साडेतीनशे किलो पोलाद दर तासाला बसवावं लागतं. ३६ मीटरला १८० तास, म्हणजे साडेसात दिवस, तीन पाळ्या. त्याआधी हे सगळं जागेवर हवं: रिंगांचे तुकडे त्रिज्येत वाकवून गठ्ठे बांधलेले, दुसरा बॅचिंग प्लांट (काँक्रीट कालवायचं केंद्र) किंवा ठरवलेला पर्यायी पुरवठा, दुसरा जनरेटर, जादा जॅक आणि दोन पर्यवेक्षक, ज्यांचं एकमेव काम रिंगा मोजणं.

पत्र्यांना उतार द्या. साचा वरच्या तोंडापेक्षा खालच्या तोंडाला किंचित रुंद हवा, दर पत्र्याला ४-५ मिमी. उलटा उतार गेला तर साचा काँक्रीट ओढत नेतो. भिंत फार पातळ ठेवली तरी हेच होतं: पत्र्याच्या घर्षणापुढे काँक्रीटचं स्वतःचं वजन कमी पडतं आणि आडवी भेग उचलली जाते. अमेरिकन मानक १५० मिमीपर्यंत परवानगी देतं, पण स्लिपफॉर्मला २०० मिमीच्या खाली जाणं शहाणपणाचं नाही.

काँक्रीटचे थर २०० ते २५० मिमी ठेवा, परिघभर एकसारखे आणि दर फेरीला ओतायची दिशा बदलून. एकाच दिशेने ओतत राहिलात तर साचा हळूहळू पिळतो. व्हायब्रेटर खालच्या थरात शंभरेक मिमीच जावा. खोल खुपसला तर आवळत आलेलं काँक्रीट फुटतं.

कौशल्य लागतं ते काँक्रीट आवळण्याची वेळ साधण्यात. १२ मिमीची सळई साच्यात खुपसून पाहायची. वरून ५००-६०० मिमीवर ती अडली तर वेग बरोबर आहे. ३०० वरच अडली तर काँक्रीट लवकर आवळतंय आणि साचा ते ओढून फाडणार. ९०० पर्यंत गेली तर साच्याखालून बाहेर येणारं काँक्रीट ढासळेल. साच्याखालून नुकत्याच निघालेल्या भिंतीवर अंगठा दाबा: हलका ठसा उमटावा, पण अंगठा आत रुतू नये. चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी तीन आणि पहाटे चार या वेळांना रिटार्डरची (आवळणं लांबवणाऱ्या रसायनाची) एकच मात्रा चालत नाही. पाळीगणिक मात्रा बदलण्याचा तक्ता आधी चाचणी घेऊन ठरवा, खडी सावलीत ओली ठेवा, पाण्यात बर्फ घाला. हवा ४० अंशांवर गेली की आयएस ७८६१ चे उष्ण हवामानाचे नियम लागू होतात.

आता रिंगा. आयएस ४५६ प्रमाणे सरळ ताणातल्या बारला लॅप (जोडताना एक बार दुसऱ्याला लागून न्यायची लांबी) काँक्रीटमधल्या पकड-लांबीच्या दुप्पट लागतो. एम ३५ काँक्रीट आणि ५०० ग्रेडच्या पोलादाला तो व्यासाच्या ८० पट येतो, म्हणजे २० मिमीच्या बारला १.६ मीटर. तुकडा १०.६ मीटरचा ठेवला तर पाच तुकड्यांत रिंग पुरी होते. शेजारच्या दोन रिंगांचे लॅप एकाखाली एक येऊ देऊ नका. ते किमान एका लॅपच्या लांबीने सरकवा आणि त्याच उभ्या रेषेत लॅप पुन्हा यायचा तर मध्ये दोन रिंगा जाऊ द्या. एका जागी लॅप जमले तर भिंतीत वरपासून खालपर्यंत एक कमकुवत शिवण तयार होते, आणि काँक्रीटला पापुद्रा सुटला की ती उसवते.

मोजणीची साधी पद्धत: डेकवर उभ्या बारजवळ एक पट्टी उभी करून तिच्यावर दर १५० मिमीला रंगाची खूण करा. साचा खुणेला आला की दोन्ही जाळ्यांतली रिंग बसलीच पाहिजे, आणि पर्यवेक्षकाने नोंदवहीत सही केल्याशिवाय पुढचा थर ओतायचा नाही. रात्री दोन-अडीचला थकलेल्या टोळीकडून रिंग राहून जाते. वर काँक्रीट आलं की ती चूक कुणालाच दिसत नाही. एक रिंग गेली की त्या मीटरभर पट्ट्यातली साडेसात टक्के ताकद जाते, आणि त्या जाळीत ३०० मिमीची मोकळी जागा कायमची राहते.

पातळीसाठी प्रत्येक योकवर पाण्याची नळी आणि चार बाजूंना लेझर ओळंबा लावा, दर तासाला नोंद घ्या. कल किंवा पीळ दिसला की लगेच, पण हळूहळू दुरुस्त करा. २० मिमीचा दोष एका मीटरमध्ये सरळ करू पाहिलात तर भिंतीला कोपर येतो आणि योक वाकतात.

मध्येच काम थांबवावं लागलं, वीज गेली किंवा पंप फुटला, तर काँक्रीटचा वरचा थर सपाट करून दर १०-१५ मिनिटांनी जॅकचा एकेक टप्पा चढवत राहा, साचा काँक्रीटपासून पूर्ण सुटेपर्यंत. साचा तसाच उभा सोडला तर तो चिकटतो आणि पुन्हा उचलताना भिंतीचा अख्खा पट्टा उखडतो. पुन्हा सुरू करताना जोड खरबरीत करा, धुवा, आणि त्या पातळीची नोंद कायमच्या नकाशावर ठेवा, कारण पुढे गळती आणि गंज सुरू होतो तो बहुधा इथूनच.

तळाची रचना

नव्या सिमेंट सायलोत अनेक तोंडांच्या हॉपरऐवजी (खाली निमुळत्या नरसाळ्याऐवजी) मध्यभागी उलटा शंकू बांधतात. तो मालाला भिंतीकडच्या कंकणाकृती पट्टीत ढकलतो. तिथे एअर स्लाईडचे (खालून हवा सोडून माल वाहता करणाऱ्या उताराचे) भाग असतात आणि ब्लोअरची हवा आळीपाळीने एकेका भागाला मिळते. मृत साठा, म्हणजे न हलता पडून राहणारा माल, कमी राहतो आणि बाहेर पडणारा माल सगळीकडून येतो. शंकूचं बूड जिथे भिंतीला टेकतं त्या कंकण तुळईत मोठा ताण असतो, म्हणून तिचे लॅप साइटवर सोयीने बदलू देऊ नका. हवेचं चक्र ठरवणारे व्हॉल्व्हही संरचनेचाच भाग समजा. एक व्हॉल्व्ह उघडा अडकला की सायलो त्याच बाजूने रिकामा होतो.

पहिलं भरणं

१९१३ साली कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथला धान्य सायलो पहिल्याच भरण्यात चिकणमातीच्या पायावर सुमारे २७ अंश कलला. बांधकाम बऱ्यापैकी शाबूत राहिलं, खालची जमीन हरली. पुढे पाया खालून बांधत नेऊन तो सरळ करण्यात आला. काळ्या मातीच्या प्रदेशात बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण असे टप्पे करा. प्रत्येक टप्प्याला पायाच्या चार ते आठ बिंदूंची पातळी घ्या आणि धसणं मंदावल्याशिवाय पुढे भरू नका. सगळीकडून सारखं धसणं सोसतं. एका बाजूला जास्त धसू लागलं की भरणं थांबवून सल्लागाराला बोलवा.

चालवताना काय बिघडतं

एका अंगाने माल काढला की भिंतीलगत एक वाहती नळी तयार होते. नळीच्या आत दाब घटतो आणि तिच्या दोन्ही कडांना वाढतो. गोल भिंत तिथे वाकते, आणि फक्त ताणासाठी बांधलेल्या भिंतीला हे वाकणं झेपत नाही. बाहेर त्या जागी उभ्या भेगा पडतात. म्हणून भरणा गाडी सोयीची पडते म्हणून रोज एकच तोंड वापरायचं नाही. पाळीनिहाय कोणतं तोंड किती वेळ चाललं ते लिहा. तोंडं अडली असतील तर ‘सध्या चालतंय ना’ म्हणून पुढे ढकलू नका.

छताची गळती याच साखळीतली पहिली कडी आहे. पावसाळ्यात मॅनहोलच्या गास्केटमधून गेलेलं बादलीभर पाणी आत भिंतीला सिमेंटचे कठीण कवच चढवतं. तिथला माल हलत नाही, मग दुसरी बाजू जास्त वाहते. मेअखेर छताचे सगळे जोड, फिल्टरचं बूड आणि मॅनहोल पाण्याचा फवारा मारून तपासा.

छतावरचा बॅग फिल्टर (बाहेर जाणाऱ्या हवेतली धूळ गाळणारा) चोंदला की आत दाब साठतो. बल्कर (हवेच्या दाबाने सिमेंट सायलोत सोडणारा टँकर) रिकामा होताना शेवटी हवेचा एकदम लोट येतो आणि छताचा पत्रा किंवा फिल्टरच उचलला जातो. दाबमोचक झडप दर आठवड्याला हाताने उचलून पाहा. तिच्यावर जमलेलं सिमेंट ओल धरून गोठतं आणि मग ती फक्त नावाला उरते. मालाच्या पातळीसाठी धुळीतून पाहणारा ८० गिगाहर्ट्झचा रडार आता सहज मिळतो. तो असला तरी वेगळा उच्च पातळी स्विच हवाच.

आत माणूस उतरवणं हा शेवटचा पर्याय. चिकटलेला माल काढायला वरून सोडायची हायड्रॉलिक झोडपणी यंत्रं आता उपलब्ध आहेत, ती आधी वापरा. उतरणं अटळ असेल तर पूर्वीच्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ मध्ये होतं तसं लेखी प्रमाणपत्र, सगळ्या ब्लोअर-गेटना कुलूप, ऑक्सिजन किमान १९.५ टक्के, वरून दोर आणि बाहेर सतत लक्ष ठेवणारा माणूस. वर कमान धरून लटकलेला माल असताना खालच्या दाराने कोणीही आत जायचं नाही. ती कमान कोसळली की माणूस काही सेकंदांत गाडला जातो, आणि सिमेंटमधून ओढून काढणं शक्य होत नाही.

तपासणी

दर वर्षी, शक्यतो पावसाळ्यानंतर, ड्रोनने सगळ्या भिंतीची छायाचित्रं घ्या आणि भेगांचा उलगडलेला नकाशा करा: आडवा परीघ, उभी उंची. उभी भेग ताणाची किंवा वाकण्याची, आडवी बहुधा स्लिपफॉर्मच्या वेळची किंवा जोडाची. जाळीसारख्या बारीक भेगा पृष्ठभागाच्या. उभी भेग ०.२ मिमीपेक्षा रुंद आहे आणि सायलो भरताना उघडते, रिकामा होताना मिटते, तर ती जिवंत आहे. तिच्यावर मोजपट्टी चिकटवून भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थेत वाचन घ्या.

मग हातोडीने ठोकत फिरा. पोकळ आवाज म्हणजे पापुद्रा सुटलेला. तिथे कव्हर मीटरने रिंगांचं अंतर आणि कव्हर (रिंगेवरच्या काँक्रीटची जाडी) मोजा आणि मूळ आराखड्याशी जुळवा. राहिलेली रिंग सापडली तर इथेच सापडते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन (रंग बदलून दाखवणारं रसायन) मारा. गुलाबी झालं नाही तेवढी खोली कार्बोनेट झालेली, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पोलादाला गंजापासून वाचवण्याची ताकद गमावलेली. ती रिंगेपर्यंत पोहोचली असेल तर गंजाला वाट मोकळी आहे. कॉपर-सल्फेट अर्धघटाचं (पोलादाचा विद्युत विभव मोजणाऱ्या उपकरणाचं) वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. किनाऱ्यावरच्या सायलोत काँक्रीटच्या चूर्णातलं क्लोराइडही खोलीनुसार तपासा, कारण तिथे कार्बोनेशनआधीच मीठ रिंगेपर्यंत जातं.

दुरुस्ती

पहिली पायरी सायलो रिकामा करणं. भरलेल्या सायलोत भेग उघडी असते. तिच्यावरून जे काही गुंडाळाल ते आधीच असलेला ताण घेत नाही, फक्त पुढे वाढणारा घेतं.

पापुद्रा फोडताना एका वेळी छोटाच तुकडा उघडा. मोठ्या पट्ट्यात कव्हर काढलं की तिथल्या लॅपची पकडच सुटते, आणि ताणातली रिंग दोन मोकळ्या टोकांची उरते. कडा कटरने १०-१५ मिमी खोल चौकोनी कापा, निमुळत्या ठेवू नका, नाहीतर मॉर्टरचा पातळ कडेपासून पापुद्रा सुटतो. गंजलेल्या बारच्या मागे २५ मिमी मोकळं करा, चकचकीत होईपर्यंत साफ करा, व्यास मोजा. दहा टक्क्यांहून जास्त छेद गेला असेल तर शेजारी नवा बार पूर्ण लॅपने जोडा. मग गंजरोधक लेप, पॉलिमर मॉर्टर किंवा शॉटक्रीट (दाबाने फवारलेलं काँक्रीट), आणि सात दिवस ओलं ठेवणं.

पोलादच कमी असेल तर बाहेरून पोस्ट-टेन्शनिंग, म्हणजे भिंतीभोवती तारा गुंडाळून त्या ताणून आवळणं. ग्रीस भरलेल्या प्लास्टिक आवरणातली १५.२ मिमीची तार घ्या. तिचं तुटण्याचं बळ २६० किलोन्यूटन असतं आणि घट जाऊन १५० च्या आसपास ती कायम देते. तुटवडा मीटरला ३०० किलोन्यूटन असेल तर दर ५०० मिमीला एक तार. अँकर (तारांची टोकं पकडणारे भाग) एका रेषेत न ठेवता आलटून पालटून समोरासमोर ठेवा. ताण एका फेरीत पूर्ण न देता आधी अर्धा सगळ्या तारांना, मग उरलेला द्या. कार्बन फायबरचा पर्याय हलका आणि झटपट आहे, पण तो चिकटवणाऱ्या साध्या इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांपासून मऊ पडू लागतात. गरम सिमेंट आणि विदर्भाचं ऊन एकत्र आलं की हा फरक निर्णायक ठरतो, म्हणून अशा भिंतीला आम्ही तारच निवडू.

दुरुस्तीनंतरचं पहिलं भरणंही पाव-अर्धा-पाऊण याच टप्प्यांनी करा. जुन्या भेगांवरच्या मोजपट्ट्या तशाच ठेवा. प्रत्येक टप्प्यानंतर चोवीस तास थांबून वाचन घ्या आणि त्याच उलगडलेल्या नकाशावर तारखेसह लिहा. पुढच्या वर्षीचा ड्रोन त्याच नकाशावरून उडवायचा आहे.